झाकून विकलेल्या मालाची जबाबदारी कोणाची?

1930 साली न्यूयॉर्कच्या एका केंद्रीय अपील न्यायालयापुढे आलेला खटला वरवर पाहता अगदी साधा होता. यंग्ज रबर कॉर्पोरेशन ही कंपनी ‘ट्रोजन’ या नावाने कंडोम विकत होती. सी. आय. ली अँड कंपनीने तेच नाव छापून आपला माल बाजारात उतरवला होता. दुसरा कुठलाही माल असता, तर नक्कल करणाऱ्याला कोर्टाने सरळ मनाई केली असती. इथे मात्र खालच्या कोर्टाने दावाच फेटाळून लावला होता. ज्या धंद्याच्या कायदेशीरपणाबद्दलच शंका, त्या धंद्याच्या नावाची राखण कोर्टाने कशासाठी करायची? अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. कंडोमचा उपयोग रोग टाळण्यासाठीही होतो, तो उपयोग कायद्याला धरून आहे, म्हणून त्याच्या व्यापारचिन्हालाही संरक्षण मिळायला हवं, असं न्यायाधीशांनी सांगितलं.

या निकालाकडे एका कंपनीचा विजय म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते त्याचा खरा लाभ गिऱ्हाइकाला झाला. पाकिटावरचं नाव हे शेवटी एक वचन असतं. माल फाटका निघाला, तर कोणाकडे बोट दाखवायचं, ते त्या नावावरून कळतं. कायद्याने नावच नाकारलं की हे बोट दाखवणंही संपतं. कंडोमच्या वेष्टनाचा आणि विक्रीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं. समाजाने ही वस्तू झाकून विकायला लावली, त्यामुळे तिची विक्री थांबली नाही. थांबली ती तपासणी, तक्रार आणि माहिती. त्याची किंमत विकणाऱ्याने मोजली नाही, वापरणाऱ्याने मोजली, आणि त्यातही सगळ्यांत जास्त बाईने. म्हणून कंडोम दुकानात कुठे ठेवायचा, त्याच्या पाकिटावर काय छापायचं, हा सभ्यतेचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो तसाच सोडवायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाकण्याची सक्ती कायद्याच्या पुस्तकात नेमकी कधी शिरली, याची तारीखही आपल्याला माहीत आहे. 3 मार्च 1873 रोजी अमेरिकेत कॉमस्टॉक कायदा झाला. अँथनी कॉमस्टॉक हा गृहस्थ अनीतीविरुद्ध मोहीम चालवत असे. कायदा झाल्यावर त्याला टपाल खात्याचा खास अधिकारी म्हणून नेमलं गेलं. गर्भधारणा टाळणारी कोणतीही वस्तू आणि तिच्याबद्दलची कोणतीही माहिती या कायद्याने अश्लील साहित्याच्या रांगेत बसवली. ती टपालाने पाठवणं गुन्हा ठरलं. वस्तूइतकीच माहितीही गुन्हेगार ठरली, ही त्यातली सगळ्यांत घातक गोष्ट. त्याआधी वर्तमानपत्रांत अशा वस्तूंच्या उघड जाहिराती येत असत. अठराव्या शतकात तर लंडनमध्ये मिसेस फिलिप्स नावाच्या दुकानदारीण बाई छापील पत्रकं वाटून आपला माल खपवत होत्या. 1873 नंतर अमेरिकेत मजकूर बदलला. ‘पुरुषांसाठी रबरी वस्तू’, ‘संरक्षक कवच’, ‘आरोग्यसाधन’ अशी नावं आली. ज्याला माहीत आहे त्यालाच कळावं, अशी ती भाषा होती. ज्याला खरी गरज होती, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तो बाहेरच राहिला.

मागणी मात्र संपली नव्हती. ज्युलियस श्मिड या जर्मनीतून आलेल्या स्थलांतरिताची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. सॉसेजसाठी लागणारी जनावरांची आतडी साफ करण्याच्या कामावर तो न्यूयॉर्कमध्ये होता. त्याच आतड्यांपासून त्याने कंडोम बनवायला सुरुवात केली. 1890 मध्ये कॉमस्टॉकच्या माणसांनी त्याच्या घरावर छापा घातला, माल जप्त केला, त्याला दंड झाला. काही दशकांनी हाच श्मिड ‘रॅमसेस’ आणि ‘शेख’ या दोन गाजलेल्या छापांचा मालक म्हणून अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या उत्पादकांपैकी एक झाला होता. मधल्या काळात कायदा होताच. त्याने धंदा बंद पाडला नाही. धंदा करणाऱ्याला कोणापुढेही उत्तर द्यावं लागू नये, एवढीच सोय मात्र केली.

रबराचं तंत्र त्याआधीच आलं होतं. चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रबरी कंडोम बाजारात आले. जाड, शिवण असलेले, धुऊन पुन्हा वापरायचे. पुढे काचेचे साचे रबराच्या द्रावणात बुडवून बिनशिवणीचा कंडोम करता येऊ लागला. पण हे द्रावण बेंझिनसारख्या ज्वलनशील द्रवात करावं लागे आणि तयार झालेला माल काही महिन्यांतच तडकायला लागे. 1920 च्या आसपास पाण्यात मिसळलेलं लेटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, वापरायला सुरुवात झाली आणि माल वर्षानुवर्षं टिकू लागला. टिकाऊपणा वाढला खरा, पण कोणता माल नवा आणि कोणता जुना हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? पाकिटावर तारीख नव्हती. दुकानदाराला विचारावं, तर वस्तूचं नावही तोंडातून काढायची सोय नव्हती.

त्या काळातल्या अमेरिकन डब्या आज संग्राहक जपून ठेवतात. त्यांतली एखादी नीट न्याहाळण्यासारखी असते. कोटाच्या खिशात बसेल अशी चपटी पत्र्याची डबी, आत तीन नग. ‘शेख’च्या झाकणावर घोडेस्वार. ‘रॅमसेस’वर इजिप्तची सजावट. ‘मेरी विडोज’ या छापाच्या गोल डबीवर तीन बायकांची नावं: अ‍ॅग्नेस, मेबल, बेकी. रंगीत छपाई, सुबक अक्षरं, उत्तम कारागिरी. आणि मग डबी उलटी करावी. कसं वापरायचं याबद्दल एक ओळ नाही. कधी बनवलं ते नाही. असतं ते एक वाक्य: ‘केवळ रोगप्रतिबंधासाठी विक्री’. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी छापलेलं. म्हणजे डबीचा दर्शनी भाग पुरुषाच्या स्वप्नांसाठी होता आणि मागचा भाग सरकारी वकिलासाठी. ज्या दोन माणसांच्या आयुष्यात ती डबी उघडली जाणार होती, त्यांच्यासाठी तिच्यावर काहीच नव्हतं.

त्या एका वाक्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण त्यात त्या काळाचा सगळा अन्याय एकवटलेला आहे. वेश्यागृहातून गुप्तरोग घेऊन येऊ नये म्हणून पुरुषाने विकत घेतला, तर तोच कंडोम कायदेशीर. चार बाळंतपणांनी खंगलेल्या बायकोला पाचवं नको म्हणून घेतला, तर बेकायदा. वस्तू एकच, डबी एकच, दुकान एकच. कनेक्टिकट राज्याने तर 1879 पासून गर्भनिरोधकाचा वापरही गुन्हा ठरवला होता आणि तो कायदा 1965 पर्यंत, ग्रिसवोल्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विवाहितांना वापराचा हक्क देईपर्यंत, पुस्तकात होता. अविवाहितांना हा हक्क मिळायला 1972 उजाडलं. कॉमस्टॉकच्या कायद्यानंतरच्या या नव्याण्णव वर्षांत किती संसार, किती शरीरं यात भरडली गेली असतील, याची मोजदाद कुठल्याही कोर्टाच्या कागदात सापडणार नाही.

बाईला कंडोमच्या विक्रीपासून लांब ठेवलं गेलं, तेव्हा तिने काय करायचं? 1930 च्या दशकात अमेरिकन मासिकांत ‘स्त्रियांची स्वच्छता’ या नावाखाली जंतुनाशकांच्या जाहिराती सर्रास येत. गर्भनिरोधक हा शब्द छापता येत नव्हता, पण वाचणाऱ्या बायकांना आशय बरोबर पोचत होता. लायसॉलसारखं जंतुनाशक पाण्यात मिसळून योनिमार्ग धुणं हा तिथल्या बायकांचा एक मुख्य उपाय होऊन बसला. त्याने गर्भ राहायचा थांबत नसे. आतली कातडी भाजत असे, आणि विषबाधेने मृत्यूही झाले. उघडपणे, खऱ्या नावाने, तपासून विकता येणारी निर्धोक वस्तू झाकून ठेवली, की तिच्या जागी काय येतं, याचं याहून भीषण उदाहरण माझ्या माहितीत नाही.

विक्रीची जागाही गिऱ्हाईक ठरवत असते. ब्रिटनमध्ये लंडन रबर कंपनीने 1929 मध्ये ‘ड्युरेक्स’ हे नाव नोंदवलं आणि पुढची कित्येक वर्षं तिचा बराच माल न्हाव्याच्या दुकानातून खपला. केस कापून झाले की न्हावी हळूच विचारायचा, ‘शनिवार-रविवारसाठी काही हवंय का, साहेब?’ हे वाक्य तिथल्या लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की आजही ते विनोदात वापरतात. मला मात्र त्या दुकानात कोण नव्हतं, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे एकही बाई नव्हती. अर्ध्या लोकसंख्येचा दरवाजा कायद्याशिवायच, फक्त दुकानाच्या निवडीने बंद झाला होता. जपानमध्ये उलटं घडलं. तिथे महायुद्धानंतर विक्रेत्या स्त्रिया घरोघरी फिरून गृहिणींना कंडोम विकत. पाकीट बाईच्या हातात पडलं, घरखर्चाचा भाग झालं. जपानमध्ये गर्भनिरोधक गोळीला 1999 पर्यंत परवानगी नव्हती आणि कंडोमवरच सगळी भिस्त होती, हे खरं. पण एवढी भिस्त ठेवता आली, त्यात या घरपोच विक्रीचाही वाटा आहे.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण झाकून विकण्याच्या बाजूने बोलणारे बहुतेक वेळा तो पुसून टाकतात. गिऱ्हाइकाचा खासगीपणा वेगळा आणि मालाची लपवाछपवी वेगळी. मी काय विकत घेतलं हे शेजाऱ्याला कळू नये, ही माझी इच्छा रास्त आहे. पण मी जे विकत घेतलं ते काय आहे, हे मलाही कळू नये, यात कोणाचं हित आहे?

हा फरक ज्युलियस फ्रॉम या बर्लिनच्या उद्योजकाला चांगला कळला होता. 1914 मध्ये त्याने कंपनी काढली आणि ‘फ्रॉम्स अ‍ॅक्ट’ नावाचा बिनशिवणीचा कंडोम बनवला. आपलं आडनाव त्याने मालावर घातलं. त्या काळी या धंद्यात असं करायला हिंमत लागत होती. प्रत्येक नग तपासण्यावर त्याचा भर असे. त्याच्या पाकिटात एक छोटी छापील चिठ्ठी असायची. पुढच्या वेळी दुकानात तोंडाने मागायची लाज वाटली, तर ती चिठ्ठी पुढे करायची. कृपया फ्रॉम्सचे तीन नग गुपचूप द्यावेत, अशा अर्थाचा मजकूर. मला ही चिठ्ठी फार आवडते. ती गिऱ्हाइकाच्या संकोचाचा मान राखते आणि तरीही मालाचं नाव स्पष्ट लिहिते. पुढे 1920 च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत कंडोमची स्वयंचलित यंत्रंही बसली. यंत्रापाशी विचारणारं कोणी नसतं, आणि पाकीट मात्र सर्वांसमोर काचेआड मांडलेलं असतं.

फ्रॉम ज्यू होता. 1938 मध्ये नाझी राजवटीत त्याला आपला कारखाना मातीमोल किमतीत विकावा लागला. कारखाना गेला बडा नाझी नेता हेर्मान गोरिंग याच्या धर्ममातेकडे, आणि त्या बदल्यात गोरिंगच्या पदरात दोन गढ्या पडल्या. फ्रॉम लंडनमध्ये मे 1945 मध्ये, युद्ध संपल्यावर काही दिवसांतच वारला. त्याचं नाव जर्मन भाषेत कंडोमचं दुसरं नाव बनून गेलं होतं आणि कारखाना मात्र परक्याचा झाला होता. या माणसाबद्दल आपल्याकडे क्वचितच कोणी लिहितं, म्हणून हे चार शब्द.

आयर्लंडचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. 1935 च्या कायद्याने तिथे गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात बंद केली. 22 मे 1971 रोजी डब्लिनच्या काही स्त्रिया रेल्वेने बेलफास्टला गेल्या. तिथे ब्रिटिश कायदा लागू असल्याने गर्भनिरोधकं मिळत. ती घेऊन त्या परतल्या आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी ती उघड दाखवली. त्या दिवशीचं त्यांचं हत्यार हेच होतं: पिशवीतली वस्तू लपवायची नाही. 1979 मध्ये सरकारने कायदा सैल केला, पण कसा? कंडोमसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागेल आणि तीही खऱ्याखुऱ्या कुटुंबनियोजनासाठी, अशी अट घालून. 1985 मध्ये चिठ्ठीची अट गेली, तरी विक्री ठरावीक ठिकाणीच राहिली. आयरिश फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनने डब्लिनच्या व्हर्जिन मेगास्टोअर या संगीताच्या दुकानात कंडोमचं टेबल मांडलं, म्हणून खटला भरला गेला. अपिलात दंड 400 वरून 500 पौंड झाला. वर्ष होतं 1991. एड्सच्या साथीला दहा वर्षं होत आली होती आणि कंडोम कोणत्या टेबलावर मांडला यावर न्यायालयाचा वेळ चालला होता. दंड यू-टू या बँडने भरला, आणि दोन-तीन वर्षांत कायदाही बदलला.

‘उघड मांडलं की मुलं बिघडतात’ हा आक्षेप जुना आहे, आणि तो निव्वळ ढोंग म्हणून मी उडवून लावणार नाही. मुलांना काय दिसावं याची काळजी आईबापांना वाटणारच. न्यूयॉर्क राज्याने याच काळजीपोटी कंडोमची जाहिरात आणि दुकानात मांडणी, दोन्ही गुन्हा ठरवले होते. विक्री फक्त परवानाधारक औषधविक्रेत्याने करायची आणि सोळा वर्षांखालच्यांना तर कोणीच विकायचं नाही, अशीही बंधनं होती. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी रद्द केली. 1983 मध्ये त्याच न्यायालयापुढे ‘ट्रोजन’वाली यंग्ज कंपनी आली. तिला घरोघरी टपालाने कंडोमची आणि गुप्तरोगांची माहिती देणारी पत्रकं पाठवायची होती आणि टपाल खातं कॉमस्टॉकच्या काळातल्या कलमावर बोट ठेवून अडवत होतं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिलेल्या निकालात एक मार्मिक मुद्दा आहे: लहान मुलांच्या वाळूच्या खेळात शोभेल तेवढंच बोलणं टपालपेटीत यावं, असा नियम करता येणार नाही. मोठ्या माणसांच्या जगाला मुलाच्या उंचीएवढं छाटलं, तर त्या मुलालाही मोठं झाल्यावर त्याच अज्ञानात जगावं लागतं. आणि दुकानाच्या फळीवर दिसणाऱ्या एका चौकोनी खोक्याने मूल बिघडतं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या खोक्यावर काय छापावं यावर बोलावं. खोकं हलवण्यावर नको.

कारण खोक्यावर काय छापलंय याबद्दल माझीही तक्रार आहे, आणि ती आजच्या बाजाराबद्दल आहे. कायद्याची भीती गेली, एड्सच्या साथीने सरकारांनाच कंडोमची जाहिरात करायला लावलं, लाज बरीच ओसरली. मग पाकिटाने काय केलं? त्याने दुसरा बुरखा घेतला. चव, सुगंध, ठिपके, रेघा, अर्धनग्न जोडपी, भडक नावं. यातलं काही मला अश्लील वाटत नाही. मला खुपतं ते हे की दर्शनी भागावरची सगळी जागा आकर्षण खाऊन टाकतं आणि कामाची माहिती मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत जाते. रुंदीचंच घ्या. कंडोम सपाट ठेवला की त्याची रुंदी साधारण 49 ते 56 मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. हे थोडे मिलिमीटर फार महत्त्वाचे असतात. घट्ट असेल तर फाटण्याची भीती, सैल असेल तर निसटण्याची. बहुतेक खोक्यांवर हा आकडा शोधावा लागतो आणि सापडला तरी त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. चपलेचा नंबर खोक्यावर ठळक असतो, इथे तो लपवला जातो, कारण पुरुषाचा अहंकार दुखावेल अशी विक्रेत्याला धास्ती. पुन्हा एकदा वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेपेक्षा कोणाची तरी लाज मोठी ठरली.

माहितीचं मोल आकड्यांत मांडता येतं. कंडोम दर वेळी आणि अचूक वापरला, तर वर्षभरात 100 पैकी सुमारे 2 स्त्रियांना गर्भ राहतो. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला, तर हा आकडा 13 च्या आसपास जातो. मधल्या 11 गर्भधारणांना रबर जबाबदार नाही. उशिरा घालणं, टोकाशी हवा राहणं, उलटा लावून मग पुन्हा फिरवून वापरणं, तेल किंवा पेट्रोलियम जेली लावणं, मुदत उलटलेला वापरणं, आणि मुळात कधीमधी न वापरणं, ही ती कारणं. न वापरण्याला पाकीट फार काही करू शकत नाही. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्याच्या पृष्ठभागावर चार चित्रांत मावतात. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? ही एक ओळ पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत छापली तर कोणत्या कंपनीचं दिवाळं निघणार आहे?

वेष्टनाचं शास्त्र काही मागे राहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात पत्रा सैन्याकडे वळला, पत्र्याच्या डब्या मागे पडल्या आणि पुढे एकेक नग वेगळा सीलबंद करणारी पाकिटं रूढ झाली. आज हातात येणारं छोटं चौकोनी पाकीट विचारपूर्वक बनवलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा थर प्रकाश, ऑक्सिजन आणि ओझोन अडवतो, कारण या तिघांनी लेटेक्स सडतं. गोल गुंडाळलेल्या कंडोमला कडांचा दाब बसू नये म्हणून चौकोनी आकार सोयीचा. आत सिलिकॉनचं वंगण, बाहेर बॅच क्रमांक आणि मुदत. कारखान्यात प्रत्येक नगाची विजेच्या प्रवाहाने छिद्रं शोधली जातात. शिवाय प्रत्येक बॅचमधले काही नमुने 300 मिलिलिटर पाणी भरून टांगतात, काही हवा भरून फुटेपर्यंत फुगवतात. यातल्या बऱ्याच चाचण्या नियमांनी बंधनकारक आहेत. अमेरिकेत औषध प्रशासनाने कंडोमचा माल तपासायला सुरुवात केली ती 1930 च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे कोर्टांनी या वस्तूला तोंड दाखवायची मुभा दिल्यानंतर. मी हा योगायोग मानत नाही. चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूचा दर्जा सरकार कधीच ठरवत नाही, कारण दर्जा ठरवायचा तर ती अस्तित्वात आहे हे आधी कबूल करावं लागतं.

उघडपणाचे प्रयोग यशस्वी झाल्याचे दाखलेही आहेत. भारत सरकारने 1968 मध्ये ‘निरोध’ बाजारात आणला, तेव्हा तो फक्त दवाखान्यांतून वाटण्याऐवजी चहा, सिगारेट, साबण, बॅटऱ्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वितरकांकडे सोपवला. सरकारी मदतीने स्वस्तात, पण रोजच्या बाजाराच्या वाटेने. कंडोमचं असं सामाजिक विपणन मोठ्या प्रमाणावर करण्याचा जगातला हा सुरुवातीचा प्रयोग, आणि पुढे अनेक देशांनी तोच रस्ता धरला. थायलंडमध्ये मेचाई वीरवैद्य यांनी 1970 च्या दशकात कंडोमचे फुगे फुगवण्याच्या स्पर्धा भरवल्या, शिक्षकांना आणि पोलिसांना त्यात ओढलं. तिथे लोक कंडोमलाच ‘मेचाई’ म्हणू लागले. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने 2007 मध्ये शहराच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांसारखी अक्षरं छापून आपला स्वतःचा कंडोम काढला आणि फुकट वाटला. भुयारी रेल्वेची पाटी बघून कोणाची मान खाली जात नाही. नेमकी तीच सहजता त्या पाकिटाला मिळावी, हा विचार मला मोलाचा वाटतो.

अर्जेंटिनात 2019 मध्ये तुलिपान या कंपनीने एक वेगळंच खोकं बनवलं. चारही कडा एकाच वेळी ठरावीक ठिकाणी दाबल्याशिवाय ते उघडत नाही, म्हणजे दोघांचे मिळून चार हात लागतात. संमतीबद्दल बोलण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. एक हात नसलेल्या माणसाने काय करायचं, असा प्रश्न तेव्हा काही जणांनी विचारला, आणि तो योग्यच होता. तरी ते खोकं मला लक्षात ठेवावंसं वाटतं, कारण त्यात दुसऱ्या माणसाची दखल आहे. ‘शेख’च्या झाकणावर एकटा घोडेस्वार होता.

काही देशांत औषधदुकानांनी कंडोम आता कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली आहे. कारण सांगतात चोरीचं. कपाट उघडायला नोकराला हाक मारावी लागते, म्हणजे संकोच पुन्हा तिथेच आला. ज्या वस्तूची चोरी मागायच्या लाजेमुळेही होते, ती मागावीच लागेल अशा जागी ठेवून काय साधणार? रात्री उशिरा, घाईत, पहिल्यांदाच आलेला एखादा तरुण त्या कुलपाकडे बघून माघारी फिरतो. त्याचं त्या दुकानाच्या हिशेबात कुठेच नुकसान दिसत नाही. दिसतं ते महिन्याभराने, दुसऱ्याच कोणाच्या तरी आयुष्यात.

विक्री आता मोबाइलवर सरकते आहे आणि तिथे संकोचाचा प्रश्न जवळपास सुटला आहे. साध्या तपकिरी पाकिटात माल घरी येतो, कोणाला काही विचारावं लागत नाही. फ्रॉमच्या चिठ्ठीचं काम आता अ‍ॅप करतं. पण पाकीट उलटं करून बघायची सोय मात्र गेली. पडद्यावर दर्शनी बाजूचं सुंदर चित्र असतं. रुंदी किती, मुदत कधीपर्यंत, बनवणारा कोण, माल गोदामात उन्हात पडला होता का, यांतलं फार थोडं खरेदीच्या आधी कळतं, आणि नकली माल खपवणाऱ्याला अशी बाजारपेठ फार सोयीची असते. ऑनलाइन विक्रेत्याला प्रत्येक कंडोमच्या पानावर रुंदीचा आकडा, मुदतीचा महिना आणि उत्पादकाचं नाव ठळक दाखवणं सक्तीचं करावं, आणि मुदतीला वर्षापेक्षा कमी काळ उरलेला माल तसं सांगितल्याशिवाय पाठवू देऊ नये. हे नियम करायला नवा शोध लागत नाही, कारण ही सगळी माहिती पाकिटावर किंवा बॅचच्या नोंदीत आधीच असते.